जर्मनचे पातेले आणि कोळशाचा धागा

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा, हा आमच्या घरचा कुळाचार आहे. माळ्यावरून काय खाली यावे आणि खाली आलेल्यातले काय पुन्हा वर जावे, यावरून आम्हा नवराबायकोत दरवर्षी थोडी चकमक झडते, हाही त्या कुळाचाराचाच भाग. यंदा चकमकीचा विषय होता एक पातेले. माझ्या आईच्या वेळचे, जर्मनचे. आजच्या मुलांना 'जर्मन' म्हटले की भाषा आठवते, मोटारी आठवतात. आमच्या पिढीला मात्र जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. तांब्यापितळेला कल्हई लागे, याला लागत नसे; वजनाला हलके आणि खिशाला परवडणारे, म्हणून ते घराघरांत शिरले. पण मान त्याला कधी मिळाला नाही. रुखवतात ते मांडले जात नसे, पाहुण्यांपुढे येत नसे. आंघोळीचे पाणी तापवावे, कपडे उकळावेत, एवढेच त्याचे काम.

आमच्या पातेल्याला ठिकठिकाणी पोचे पडले आहेत आणि बुडाला असा फुगवटा आला आहे की ओट्यावर ठेवले तर ते भोवऱ्यासारखे गरगरते. मी ते ठेवण्याच्या बाजूने, आमची ही ते भंगारात देण्याच्या बाजूने. पुण्यात धातुशास्त्र शिकणारी माझी पुतणी सुटीला आली होती. तिने पातेले हातात घेतले, कडेला अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाली, "काका, आम्ही कॉलेजात याच धातूला कणखर करायच्या मागे आहोत. कोळसा घालून."

"कोळशाने ते काळं झालंय तेवढं पुरे," तिची काकू म्हणाली, "कणखर कुठं झालं?"

हशा पिकला. पण जेवणानंतर पुतणी मला रात्री उशिरापर्यंत समजावून सांगत बसली आणि ती गेल्यावर मीही जमेल तेवढे वाचले. मी शास्त्रज्ञ नव्हे. हयातभर बँकेत खतावण्या तपासल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तरीही हा विषय आपल्या खिशाशी, आपल्या प्रवासाशी आणि काही कामगारांच्या तर थेट फुप्फुसांशी निगडित आहे, अशी माझी खात्री झाली. म्हणून हा रविवारचा प्रपंच.

ॲल्युमिनियमची कुंडली मोठी विचित्र आहे. पृथ्वीच्या कवचात धातूंमध्ये सर्वाधिक आढळणारा हा धातू. पण मातीतून तो सोडवणे इतके अवघड की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो मौल्यवान धातूंच्या पंक्तीत बसत होता. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे काटे-चमचे देई, अशी आख्यायिका आहे. १८८६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल हेरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने हा धातू मिळवण्याची एकच पद्धत शोधून काढली. दोघेही १८६३ साली जन्मलेले. त्यानंतर ॲल्युमिनियम राजाच्या ताटावरून आपल्या न्हाणीघरात आले.

त्याचा गुण म्हणजे हलकेपणा. लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश वजन. मी बँकेत लागलो तेव्हा ५, १० आणि २० पैशांची ॲल्युमिनियमची नाणी चलनात होती. थैली भरून नाणी उचलली तरी हाताला ओझे वाटत नसे. (२५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली.) त्याचा दोष म्हणजे मऊपणा. शुद्ध ॲल्युमिनियम हाताने वाकते. म्हणजे स्वभावाने चांगला, पण कोणीही वाकवावा असा, अशी काही माणसे असतात ना, त्यांच्यातलाच हा.

धातू वाकतो म्हणजे नेमके काय होते? पुतणीने सतरंजीचे उदाहरण दिले. मोठी सतरंजी एका दमात सरकवू म्हटले तर सरकत नाही. पण एका टोकाला वळी पाडून ती हाताने पुढे ढकलत नेली, तर सतरंजी अलगद सरकते. धातूतल्या अणूंच्या रांगांमध्येही अशा वळ्या असतात आणि त्या पुढे सरकल्या की धातू वाकतो. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलॅन्यी या तिघांनी स्वतंत्रपणे हे मांडले. तेव्हा धातू कणखर करायचा तर काय करायला हवे? या वळ्यांच्या वाटेत खुंट्या ठोकायच्या. सतरंजीवर जागोजाग जड पाट ठेवले की वळी अडते, तसे.

या खुंट्या पहिल्यांदा ठोकल्या त्या एका जर्मन माणसाने, आणि त्याही नकळत. १९०६ च्या सुमारास बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म नावाचा संशोधक ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून पाहत होता. तुकडा तापवला, पाण्यात बुडवला, कठीणपणा मोजला. फार काही हाती लागले नाही. मध्ये सुटी आली. असे सांगतात की सोमवारी परत येऊन मोजले तर तोच तुकडा कितीतरी कठीण झालेला. कोणी हात लावला नव्हता. धातू आपला आपण मुरला होता, लोणच्यासारखा. यातूनच 'ड्युरालुमिन' जन्मले आणि झेपेलिनची अवाढव्य हवाई जहाजे त्याच्या सांगाड्यावर उडाली. का मुरला, ते कळायला १९३८ साल उजाडले. फ्रान्सच्या गिनिए आणि ब्रिटनच्या प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी दाखवून दिले की तांब्याचे अणू आतल्या आत एकत्र येऊन अतिसूक्ष्म चकत्या बनवतात. त्याच त्या खुंट्या. आपल्या स्वयंपाकघरातले हिंडालियम हेही शुद्ध ॲल्युमिनियम नव्हे, मिश्रधातूच. म्हणून तर त्याची कढई पातेल्यासारखी चेपत नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण उष्णतेत आहे. शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा पाचसहा पट ताण सोसणारे मिश्रधातू आज विमानांत वापरले जातात. पण दोनशे अंशांच्या आसपास बराच काळ तापत राहिले की त्या चकत्या फुगतात, विरळ होतात आणि धातू पुन्हा मऊ पडू लागतो. खुंट्या उन्हात वितळाव्यात तसे. उष्णतेने न विरघळणारी खुंटी हवी होती. ती मिळाली कार्बनच्या घराण्यात.

या घराण्यात कोळसा आहे, काजळ आहे, पेन्सिलीतले शिसे म्हणतो ते ग्राफाइट आहे आणि हिराही आहे. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या घराण्यातल्या एका सदस्याचे तपशीलवार दर्शन जगाला घडवले. कार्बनच्या अणूंची मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी, आणि तिची कागदाच्या भेंडोळीसारखी झालेली नळी. जाडी काही नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. २००४ साली मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीच्या मदतीने त्या जाळीचा एकच पापुद्रा सुटा केला. तो ग्रॅफीन. त्यांना २०१० चे नोबेल मिळाले. या नळ्यांचा ताठपणा पोलादाच्या सुमारे पाच पट आणि ॲल्युमिनियमच्या चौदा पट आहे. २००० साली अमेरिकेत एकेक नळी ओढून तोडून पाहिली, तेव्हा पोलादाच्या कित्येक पट ताण तिने सोसल्याचे आढळले. शिवाय वजन ॲल्युमिनियमपेक्षाही कमी.

एवढे वाचल्यावर कोणालाही वाटेल की झाले, टाका मूठभर धागे वितळलेल्या धातूत आणि ढवळा. इथेच खरी गोष्ट सुरू होते.

ज्या गृहिणीने आयुष्यात एकदा तरी घाईत पिठले केले आहे, तिला ही अडचण शास्त्रज्ञांच्या आधी समजेल. उकळत्या पाण्यात बेसन थेट टाकले की गुठळ्या होतात. कार्बनच्या या नळ्यांना एकमेकींची ओढ एवढी की त्या झुबक्यानेच राहतात. धातूत असा झुबका राहिला की तो खुंटी न होता भोक होतो. धातू तिथूनच तडकतो. दुसरी अडचण अळूच्या पानाची. पानावर पाणी टाकले तर ते भिजत नाही, थेंब घरंगळून जातो. वितळलेले ॲल्युमिनियम कार्बनवर असेच घरंगळते; त्याला धरून ठेवत नाही. आणि ज्या दोरीची पकड नाही, ती कितीही मजबूत असली तरी विहिरीतून पोहरा वर येणार कसा? तिसरी अडचण याच्या उलट. फार तापवले आणि फार वेळ ठेवले तर दोघांचे इतके जमते की त्यांचे ॲल्युमिनियम कार्बाइड बनते. ते ठिसूळ असते आणि पाण्याशी गाठ पडली की त्यातून मिथेन वायू सुटतो. थोडेसे कार्बाइड सांधा घट्ट करते, असेही काही संशोधक मानतात. जास्त झाले की घात करते, यावर मात्र सगळ्यांचे एकमत.

यावरचा उपायही पिठल्याच्याच जातीचा आहे. बेसन आधी गार पाण्यात कालवावे, तसे धातू न वितळवता त्याची भुकटी घ्यायची, तिच्यात या नळ्या टाकायच्या आणि पोलादी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात तासन्‌तास घोटायच्या. मग ते मिश्रण दाबायचे, तापवायचे आणि चकलीच्या सोऱ्यातून पीठ काढावे तसे साच्याच्या भोकातून दाबून काढायचे. सोऱ्यातून निघताना नळ्या बऱ्याचशा एका दिशेला लागतात. पण इथेही तारतम्य आहे. कमी घोटले तर गुठळ्या राहतात, जास्त घोटले तर नळ्याच तुटतात आणि तुटलेल्या टोकांशी कार्बाइड धरते. प्रमाण शेकडा एकदोन भागांच्या पलीकडे नेले तर बहुधा लाभापेक्षा तोटाच होतो. शिवाय कणखरपणा वाढला की लवचीकपणा घटतो. माणसांचेही तसेच होते म्हणा.

१९९८ साली जपानच्या कुझुमाकी आणि सहकाऱ्यांनी या वाटेने जाऊन काय मिळवले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या मिश्रणाची ताकद एकदम दुप्पट-चौपट झाली नाही. पण ६०० अंश सेल्सिअसला, म्हणजे ॲल्युमिनियम वितळायच्या उंबरठ्यावर, दीर्घकाळ ठेवले तेव्हा साधे ॲल्युमिनियम मऊ पडत गेले आणि नळ्या घातलेले जवळजवळ होते तसे राहिले. उष्णतेतही न विरघळणारी खुंटी ती हीच. त्यानंतर जपान, कोरिया, चीन, अमेरिका आणि भारतातही यावर पुष्कळ काम झाले. २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की अशा नळ्या मिसळलेले ॲल्युमिनियम किरणोत्सर्गापुढेही अधिक टिकाव धरते. म्हणजे आशा खोटी नाही. विमान, मोटार, रेल्वेचा डबा, विजेवरची बस, यांचे वजन घटले की इंधन वाचते, आणि ते ज्या देशाला विकत घ्यावे लागते, त्या आपल्या देशाला तर ते अधिकच मोलाचे.

आता माझ्या जुन्या धंद्याकडे येतो, कारण मला जे सांगायचे आहे ते तिथेच दडलेले आहे.

नव्वदच्या दशकात मी एका औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत होतो. तिथे ॲल्युमिनियमचे ओतकाम करणारा एक छोटा कारखानदार आमचा खातेदार होता. पावसाळा आला की त्याचे नग परत यायचे. हवेतल्या दमटपणामुळे वितळलेल्या धातूत हायड्रोजन शिरतो आणि धातू थिजताना आत बारीक बारीक छिद्रे राहतात, हे मला त्यानेच भट्टीपाशी उभे करून शिकवले. धातूत नायट्रोजन सोडून तो वायू बाहेर काढायचे यंत्र घेण्यासाठी त्याला कर्ज हवे होते. रक्कम किरकोळ. पण त्या यंत्राने उत्पादन वाढणार नव्हते, नवा माल निघणार नव्हता. नुसती खोट कमी होणार होती. माझ्या तक्त्यात 'खोट कमी होणे' असा रकानाच नव्हता. मी प्रस्ताव दोनदा परत पाठवला. त्याच तिमाहीत एका नव्या, 'अत्याधुनिक' मिश्रधातूचा गुळगुळीत कागदावर छापलेला प्रकल्प अहवाल आला. त्याला मी शिफारस केली, आणि तो मंजूरही झाला. पहिल्या कारखानदाराने दोन पावसाळ्यांनंतर भट्टी विझवली. दुसऱ्याचे खाते तीन वर्षांत बुडीत गेले. ती दोन्ही पत्रे, एक नकाराचे आणि एक शिफारशीचे, माझ्याच सहीची होती. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणात मी पुष्कळ काही बोललो; हे बोललो नाही.

पुतणीशी बोलताना मला ती भट्टी आठवली. प्रयोगशाळेत नखाएवढा तुकडा कणखर करून दाखवणे ही पहिली पायरी. त्याला शिष्यवृत्ती मिळते, निबंध छापून येतो. शेवटची पायरी म्हणजे बाजार. तिथे भांडवल धावून येते. मधल्या पायरीचे काय? तोच तुकडा टनावारी, दर वेळी तेवढाच एकजिनसी निघेल का. पावसाळ्यात निघेल का. लाखो वेळा हिसके खाल्ल्यावर तडकेल का. दमट हवेत त्यातले कार्बाइड काय करील. ही सगळी रटाळ, वेळखाऊ, टाळ्या न मिळणारी कामे. त्यांना कोणी वाली नसतो. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. जर्मनीच्या बायर कंपनीने २०१० साली लेव्हरकुझेनला वर्षाला २०० टन कार्बन नळ्या करण्याचा प्रकल्प उभारला आणि २०१३ साली त्या व्यवसायातून अंग काढून घेतले. नळ्या वाईट नव्हत्या. गिऱ्हाईक तयार व्हायचे होते. आज त्याच नळ्या लिथियम बॅटऱ्यांमध्ये वीज वाहून नेण्यासाठी खपतात. ॲल्युमिनियमची पाळी अजून पुरती आलेली नाही.

आपल्या नागपूरला १९८९ पासून केवळ ॲल्युमिनियमसाठी वाहिलेले, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचे संशोधन केंद्र आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? अशा संस्थांनी आणि छोट्या ओतशाळांनी मिळून ही मधली पायरी बांधावी, त्यासाठी सरकारने आणि बँकांनी धीराचा पैसा द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. धीराचा पैसा म्हणजे तिमाहीच्या शेवटी हिशेब न मागणारा. बँकवाल्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, हे मला कळते. पण चूक ज्याने केली त्यानेच ते म्हटलेले बरे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या नळ्या धातूत बंदिस्त झाल्या की सहसा बाहेर येत नाहीत. पण त्याआधी ती काळी भुकटी कोणीतरी पिशवीतून पिंपात ओतत असते. २००८ साली ब्रिटनमध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात लांब नळ्यांनी ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखी इजा केल्याचे दिसले. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांतल्या एका प्रकाराला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या वर्गात टाकले. सगळ्याच नळ्या घातक, असा याचा अर्थ नाही. पण ॲस्बेस्टॉसच्या वेळी जग उशिरा जागे झाले आणि ती किंमत कामगारांनी मोजली. या वेळी आधी बंद यंत्रे, हवा शोषून घेणारी गाळणी आणि नीट बसणारे मुखपट, मग उत्पादन. हा क्रम बदलता कामा नये. तोंडाला फडके बांधून काम करणाऱ्या पोराच्या जिवावर कोणाची मोटार हलकी होता कामा नये.

आणि तिसरी गोष्ट आपल्यासारख्या गिऱ्हाइकांची. 'नॅनो' हा शब्द आता मंगळसूत्रापासून पाण्याच्या गाळणीपर्यंत कुठेही चिकटवला जातो. उद्या 'नॅनो कार्बन कढई' दारात आली तर भुलू नका. काय मिसळले, किती मिसळले, कोणी तपासले, हे तीन प्रश्न विचारा. 'हे सगळे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते' असे सांगणाराही भेटेल. २००६ साली ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत कार्बनच्या नळ्या सापडल्याचे जाहीर केले आणि तशा तलवारींसाठी लागणारे पोलाद दक्षिण भारतातून जात असे, हे खरे. तो निष्कर्ष सर्वांनी मान्य केलेला नाही. पण मान्य केला तरी त्या लोहाराला नॅनोमीटर ठाऊक नव्हता. त्याला भट्टीचा रंग ठाऊक होता आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याने तो चुकू दिला नाही. त्याच्याकडून घ्यायचे ते एवढेच. अभिमान नंतर करता येईल.

पातेल्याचे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. ती चकमक मी हरलो. रविवारी भंगारवाला आला. पुतणी मुद्दाम त्याच्याशी बोलत उभी राहिली. त्याच्या हातगाडीवर दोन ढीग होते. "हा नरम माल, हा कडक माल," तो म्हणाला. भांडे बोटाने वाजवायचे, कड दाबायची, की त्याला कळते कोणते कुठे टाकायचे. दोघांचा भाव निराळा. भंगारातून ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला, खनिजापासून काढण्याच्या मानाने, सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. या देशात ती बचत अशा हातगाड्यांपासून सुरू होते.

"आणि उद्या कोळसा घातलेला माल आला तर?" पुतणीने त्याला विचारले. "तो वितळवला तर पुन्हा तसाच निघणार नाही. तो ओळखणार कसा?"

त्याने आमचे पातेले वाजवून पाहिले, नरम ढिगावर टाकले आणि विचारात पडला. "ताई, मग तुम्हीच त्याच्यावर काहीतरी खूण करून ठेवा," तो म्हणाला. "नाहीतर आम्ही यातच टाकणार."

पुतणीने वहीत ते लिहून घेतले. तिच्या प्रकल्पात हा रकाना नव्हता, असे ती जाताना म्हणाली.